बाराशे पानांचं पुस्तक वर्षभर कसं वाचावं

माझ्याकडच्या टॉल्स्टॉयच्या 'वॉर अँड पीस' या कादंबरीत दोन जुन्या खुणा अजून तशाच आहेत. एक एकशेदहाव्या पानाशी, कसल्याशा पावतीची. दुसरी जेमतेम दोनशेच्या पुढे. दोन्ही वेळा पुस्तक आवडत होतं. दोन्ही वेळा मध्ये आठ-दहा दिवस काही ना काही निघालं, मग एका रात्री पुस्तक उघडलं तर पानावर चार माणसं बोलत होती आणि त्यांतलं एकही ओळखू येईना. थोडं मागे जाऊन वाचावं म्हटलं, तर किती मागे ते कळेना. पुस्तक मिटलं ते मिटलंच. तिसऱ्या खेपेला चौदा महिने लागले, पण शेवटपर्यंत पोचले.

त्या खेपेला हाताशी वेळ जास्त होता म्हणावं, तर उलट कमीच होता. बदल एवढाच केला होता की पुस्तकात परत शिरायची वाट मोकळी ठेवली होती. महिनोन्महिने चालणाऱ्या वाचनात घोडं अडतं ते वाचायच्या वीस मिनिटांत क्वचितच; अडतं ते मधल्या तेवीस तास चाळीस मिनिटांत. पुढे सांगितलेलं बहुतेक सगळं त्या मधल्या वेळेसाठी आहे.

आधी घड्याळ लावून दहा पानं

पुस्तक ठरलं की त्यातली दहा पानं नेहमीच्या वेगानं वाचा आणि किती मिनिटं लागली ते पाहा. अगदी सुरुवातीची पानं नकोत, ती सगळेच जपून वाचतात. तिसऱ्या-चौथ्या प्रकरणातली घ्या. समजा वीस मिनिटं लागली. आठवड्यातले पाच दिवस दहा-दहा पानं धरली तर पन्नास होतात, आणि बाराशे पानांना 24 आठवडे. आता दर तीन आठवड्यांमागे एक आठवडा कोरा सोडा: आजारपण, प्रवास, कामाची गर्दी किंवा निव्वळ आळस यासाठी. 24 चे 32 होतात, म्हणजे जवळपास साडेसात महिने. हा आकडा खरा समजा आणि पुस्तकाच्या पहिल्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवा.

कोरा आठवडा आधीच हिशेबात धरला नाही, तर दुसऱ्याच आठवड्यात आपण 'मागे' पडतो. मग वाचन म्हणजे थकलेला हप्ता होतो आणि हप्ता कुणाला आवडतो? म्हणून चुकलेल्या दिवसाची पानं दुसऱ्या दिवशी भरून काढू नका. तो दिवस गेला. आज आजची दहा.

तुकडे कुठे पाडायचे

पानांचा हिशेब अंदाजापुरता ठीक. रोज थांबायचं मात्र लेखकानं जिथे श्वास घेतलाय तिथे. अनुक्रमणिका उघडून प्रकरणं मोजा. 'वॉर अँड पीस'ची प्रकरणं 361 आहेत (आवृत्तीप्रमाणे दोन-चार इकडेतिकडे), आणि बहुतेक तीन-चार पानांत आटोपतात. 1862 साली आलेल्या 'ले मिझराब्ल'ची 365. म्हणून या दोन पुस्तकांना रोज एक प्रकरण, वर्षाला एक पुस्तक असा रतीब लावणारे वाचक बरेच सापडतात. 'मोबी डिक'ची 135 आणि वर एक छोटा उपसंहार. रोज एक म्हटलं तर साडेचार महिने.

सगळीच पुस्तकं अशी सरळ नसतात. महाभारताची पर्वं अठरा, पण शांतिपर्वात तीनशेहून जास्त अध्याय आणि महाप्रस्थानिक पर्वात अवघे तीन. 'महिन्याला एक पर्व' असं ठरवणारा शांतिपर्वात रुतणार हे नक्की. 'युलिसिस'चे अठरा भाग आहेत आणि शेवटच्या भागात विरामचिन्हं जवळजवळ नाहीतच. तिथे रोज दहा पानं हे माप कुचकामी आहे, कारण दहाव्या पानावर थांबायला जागाच मिळत नाही. अशा पुस्तकाला आठवड्यातून एक लांब बैठक द्यावी आणि बाकीचे दिवस त्याला हात लावू नये.

पहिल्यांदाच हा उद्योग करणार असाल, तर मुळात हप्त्याहप्त्यानं छापली गेलेली कादंबरी निवडा. 'द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो' 1844 ते 1846 या काळात पॅरिसच्या एका दैनिकात क्रमशः येत होती. 'मिडलमार्च' डिसेंबर 1871 ते डिसेंबर 1872 या वर्षात आठ भागांत विकली गेली. म्हणजे तिचे पहिले वाचक वर्षभरच ती वाचत होते. त्यांना दुसरा इलाजच नव्हता. असं लिहिणाऱ्या लेखकाला वाचक मागचं विसरलेला असणार हे ठाऊक असतं. पात्र बऱ्याच दिवसांनी परत आलं की तो एखाद्या वाक्यात, सवयीत, कपड्यात त्याची ओळख पुन्हा करून देतो. तुमचं निम्मं काम त्यानं दीडशे वर्षांपूर्वीच करून ठेवलेलं असतं.

प्रत

अक्षर बारीक असेल तर घेऊ नका. वर्षभर डोळ्यांना ते सोसायचं आहे. टिपा पानाच्या तळाशी असलेली प्रत उत्तम. त्या पुस्तकाच्या शेवटी असतील तर दोन खुणा लागतात, एक मजकुरात आणि एक टिपांत. भाषांतर असेल तर दोन-तीन भाषांतरांतलं एकच पान शेजारी ठेवून वाचा आणि जे मोठ्यानं वाचताना जीभ अडखळत नाही ते घ्या. प्रस्तावना आधी वाचू नका. अभिजात कादंबऱ्यांच्या प्रस्तावना लिहिणारे वाचकाला शेवट माहीत आहे असं धरूनच चालतात आणि कोण मरतं ते तिसऱ्या परिच्छेदात सांगून मोकळे होतात.

ठोकळा अंथरुणात पडून वाचता येत नाही ही तक्रार खरी आहे. खंडांत विभागलेली प्रत मिळाली तर बघा. ई-रीडरवर वजन राहत नाही, पण मागे चार पानं उलटून 'तो उजव्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात होता' असं शोधता येत नाही, आणि संथ वाचनात तसं शोधावं फार लागतं. मी घरी कागद आणि बाहेर पडद्यावर असं दोन्ही करून पाहिलं. महिनाभरात पडदा सुटला.

वही: तीन ओळी, जास्त नाही

आता मुख्य मुद्दा. रोजचं वाचन संपल्यावर पुस्तक मिटण्याआधी वहीत तीन ओळी लिहायच्या. पहिली: आपण कुठे आहोत, कोण आहे. दुसरी: काय झालं. तिसरी: मला आता काय जाणून घ्यायचंय. 'वॉर अँड पीस' वाचतानाची माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे (आकडा प्रकरणाचा, आंद्रेई हे त्यातलं एक मुख्य पात्र):

"62. लढाईचं मैदान. आंद्रेई. झेंडा घेऊन धावला, पडला. वर नुसतं आकाश, उंच, ढग हळूहळू सरकतायत. जगणार का? आणि बापाला कोण कळवणार?"

सुंदर वाक्यं, लेखकाची शैली, समाजदर्शन यातलं इथे काही नाही. ते लिहायला बसलात तर वही चौथ्या दिवशी बंद पडेल. पहिल्या दोन खेपांना माझं तेच झालं होतं. वहीत एका प्रकरणावर दीड पान सुवाच्य अक्षरात आहे आणि पुढे सगळं कोरं. नोंद दोन मिनिटांत व्हायला हवी. अक्षर गचाळ चालेल, वाक्य अर्धवट चालेल.

तीन ओळींत सर्वांत कामाची तिसरी. दुसऱ्या दिवशी पुस्तक उघडण्याआधी ती वाचली की आपण प्रश्न घेऊन आत शिरतो आणि पहिल्या ओळीपासून काहीतरी शोधायला लागतो. प्रश्न चुकीचा असला तरी चालतं. बापाला कोण कळवणार हा माझा प्रश्न पुस्तकानं कितीतरी पानं तसाच लोंबकळत ठेवला, आणि त्या आशेवर मी मधली सगळी पानं वाचली.

ही दोन मिनिटं त्याच रात्री द्यायची, 'रविवारी सगळं एकदम लिहू' असं म्हणायचं नाही. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञानं स्वतःवरच प्रयोग करून 1885 मध्ये विसरण्याचा आलेख मांडला. त्यानं निरर्थक अक्षरगट पाठ केले आणि किती वेळानं किती उरतात ते मोजलं. घसरण सगळ्यात जोरात पहिल्या काही तासांत होते, नंतर ती मंदावते. कादंबरी अर्थातच निरर्थक अक्षरं नव्हे, ती त्याहून बरीच टिकते. पण मंगळवारी वाचलेल्या संवादातला तिरकसपणा रविवारी हाताला लागत नाही, हा अनुभव कुणीही घेऊन पाहावा.

वहीची खरी किंमत मला एका झाडामुळे कळली. 'वॉर अँड पीस'च्या दुसऱ्या खंडात, तिसऱ्या भागाच्या पहिल्याच प्रकरणात, आंद्रेईला प्रवासात एक जुना ओक दिसतो. भोवती वसंत फुटलेला, आणि हा एकटा निष्पर्ण, रुसल्यासारखा. आंद्रेईला तो अगदी आपल्या मनातलं बोलतोय असं वाटतं. मी लिहिलं होतं: "103. ओक. बाकी सगळं हिरवं, हा नाही. आंद्रेई म्हणतो, बरोबर आहे तुझं." पुढचं प्रकरण वाचलं आणि घरात आजारपण आलं. एकोणीस दिवस पुस्तक मिटलेलं. परत बसले तेव्हा आधी वही वाचली आणि मग 105 वं प्रकरण उघडलं. तोच ओक, त्याच वाटेवर, पानांनी डवरलेला, आणि आंद्रेईला तो आधी ओळखूच येत नाही. ती नोंद नसती तर 'रस्त्यात झाड' एवढंच वाचून मी पुढे गेले असते.

नावांसाठी खुणेचा पुठ्ठा

रशियन कादंबरीत एकाच माणसाला तीन-चार नावं असतात: पाळण्यातलं, बापाच्या नावावरून आलेलं, आडनाव आणि घरचं लाडाचं. पिएर बेझुखोव म्हणजेच प्योत्र किरिलोविच. नताशा म्हणजेच नताल्या इलिनिच्ना. पाचशेहून अधिक पात्रांच्या पुस्तकात हे डोक्यात ठेवायचा हट्ट धरू नये.

पुठ्ठ्याची लांब पट्टी कापा आणि तीच खूण म्हणून वापरा. एका माणसाला एक ओळ, त्या ओळीत त्याची सगळी नावं आणि एखादी दिसणारी गोष्ट: "जाड, चष्मा, बोलताना भान नाही." कुणाचा कोण हे नातं बाणानं दाखवा. पात्र दुसऱ्यांदा आलं तरच त्याला पट्टीवर जागा, नाहीतर मेजवानीला आलेला प्रत्येक पाहुणा चढतो. माझी पट्टी सहाव्या महिन्यात भरली, मग मागची बाजू घराण्यांनुसार लिहिली. ते पहिल्यापासूनच करायला हवं होतं.

एक इशारा. नाव आठवेना म्हणून ते इंटरनेटवर शोधू नका. मी एका पात्राचं नाव टाइप केलं आणि शोधायच्या चौकटीनं माझ्याआधीच पुढचा शब्द सुचवला: 'मृत्यू'. पुढची चारशे पानं तो माणूस दिसला की माझ्या पोटात गोळा यायचा.

जिथे कथा थांबते

जाड पुस्तकात लेखक मध्येच कथा बाजूला ठेवून भलतंच सांगायला बसतो. 'ले मिझराब्ल'च्या दुसऱ्या भागाची सुरुवात वॉटर्लूच्या लढाईनं होते आणि ती लढाई 19 प्रकरणं चालते. 'मोबी डिक'चं 32 वं प्रकरण म्हणजे देवमाशांचं वर्गीकरण, चक्क पुस्तकांच्या आकारांप्रमाणे. अनेकांची खूण अशाच जागी कायमची राहते.

संथ वाचनात या जागा उलट सोप्या जातात असं माझं मत आहे. एका बैठकीत वॉटर्लू वाचणं शिक्षा आहे. रोज दोन-तीन पानं वाचली तर तो एक वेगळाच लेख होतो, आणि तो चांगला लेख आहे. तरीही नकोसं झालं तर पानं चाळा, पण दोन पथ्यं पाळा. चाळलेल्या प्रकरणापुढे अनुक्रमणिकेत बारीक फुली मारा, म्हणजे चोरी होत नाही आणि पुढे लागलं तर परत जाता येतं. आणि त्या विषयांतराचं शेवटचं प्रकरण मात्र पूर्ण वाचा. लेखक कथेचा दोरा परत बांधतो तो बहुतेक तिथेच. वॉटर्लूच्या एकोणिसाव्या प्रकरणात रात्री प्रेतांमधून फिरणारा जो माणूस दिसतो, तो पुढच्या कथेचा कणा आहे, आणि आधीची अठरा प्रकरणं चाळणारे नेमकं तेही उडवतात.

खंड पडला तर

पडणारच. किती दिवसांचा, त्यावर उपाय ठरतो.

चार-पाच दिवसांचा असेल तर शेवटची नोंद वाचा आणि पुढे चला. दोन-तीन आठवडे गेले असतील तर पहिल्या दिवशी नवं काही वाचायचं नाही. वहीतल्या शेवटच्या दहा नोंदी, पट्टीवरची नावं आणि शेवटचं वाचलेलं प्रकरण पुन्हा, एवढ्यावर तो दिवस संपवा. मजा अशी की दुसऱ्यांदा वाचताना तेच प्रकरण निम्म्या वेळात होतं आणि दुप्पट कळतं. दुसऱ्या दिवशी नेहमीची दहा पानं.

दोन-तीन महिने गेले तर बहुतेक जण पुस्तकाच्या पहिल्या पानावर जातात. तेवढं सोडून काहीही करा. सुरुवात तुम्हाला तोंडपाठ असते, मधलं गेलेलं असतं, आणि सुरुवातीचा उत्साह बरोबर त्याच पानापाशी संपतो जिथे मागच्या वेळी खूण राहिली. माझी एकशेदहावं पान आणि दोनशेवं पान ही कहाणी हीच आहे. त्याऐवजी चालू भागाच्या सुरुवातीला जा. चाळीस-पन्नास पानं मागे, बस. त्याआधीचं वहीवरून. वही नसेल तर प्रकरणवार सारांश शोधा, पण जिथवर वाचलंय त्या प्रकरणाच्या खालची ओळ हातानं झाकून.

पुस्तक सोडायचंच असेल तर भागाच्या शेवटी सोडा, मधल्या प्रकरणात नाही. आणि वहीत कारण लिहा. "कंटाळा" असं नको. "तिसऱ्या भागापासून नायिका फक्त रडते" असं. कारण लिहिता आलं तर पुस्तक खरंच सोडा, त्यात लाज कसली? लिहिता आलं नाही तर बहुधा झोप अपुरी झालेली असते.

सोबतीची गोष्ट

एकाच वेळी दोन जाड कादंबऱ्या चालवू नका, पात्रं एकमेकांच्या घरात जाऊन बसतात. जोडीला काहीतरी पातळ असू द्या: कविता, निबंध, रहस्यकथा. मोठ्या पुस्तकावर रागावलात की जायला जागा हवी.

बरोबर वाचणारं कुणी मिळालं तर एकच पुरे. मोठ्या गटात सगळ्यात वेगवान माणूस वेग ठरवतो. मी आणि माझी मैत्रीण दर रविवारी फक्त प्रकरणाचा आकडा कळवायचो. ती कायम पुढे. एकदा फोनवरच म्हणाली, "अगं, तू अजून तिथेच? मग नको बोलूया, मला राहवणार नाही." आणि ठेवला फोन. त्या आठवड्यात मी ठरल्यापेक्षा दुप्पट वाचलं, भरून काढायचं नाही हा माझाच नियम मोडून.

शेवटची शंभर पानं

इथे वेग आपोआप वाढतो. वाढू द्या. इतके महिने दमानं वाचल्यावर दोन रात्री जागलात तर काही बिघडत नाही. फक्त ज्या पुस्तकाच्या शेवटी कथा संपून लेखक विचार मांडायला लागतो, तिथे पुन्हा जुन्या चालीवर या. 'वॉर अँड पीस'च्या उपसंहाराचा दुसरा भाग म्हणजे इतिहास कोण घडवतं यावरची 12 प्रकरणं, पात्रं एकही नाही. त्यांना मी महिना दिला.

संपलं की दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला, नवं पुस्तक काढण्याआधी, याच पुस्तकाचं पहिलं प्रकरण पुन्हा वाचा. पाच-सात पानांचं काम आहे. माझ्या पुस्तकाची सुरुवात 1805 च्या जुलैमधल्या एका दिवाणखान्यात होते. यजमानीणबाई जमणाऱ्या पाहुण्यांत सगळ्यात आधी आलेल्या प्रिन्स वासिलीशी गप्पा मारतायत. बोलता बोलता त्या त्याच्या वाह्यात मुलासाठी, आनातोलसाठी, एक स्थळ सुचवतात: श्रीमंत घरची, गावाकडे राहणारी मारी बोल्कोन्स्की. तिन्ही खेपांना मी ही ओळ वाचली होती आणि तिन्ही खेपांना ती नुसती दोन नावं होती. चौदा महिन्यांनी ती वाचली आणि पट्टीकडे बघायची गरज पडली नाही.